चाळिशींतील उमेदवार

'उमेदवार' हा शब्द आपल्या भाषेंत फारसींतून आला. ज्याच्या मनांत उमेद आहे तो उमेदवार, इतका त्याचा सरळ अर्थ. पुढें कचेऱ्यांच्या व्यवहारांत नोकरीसाठीं अर्ज करणारा, किंवा बिनपगारी राहून काम शिकणारा, एवढाच अर्थ त्यास चिकटला. आणि उमेदवार म्हटला म्हणजे विशी-बाविशीचा, नुकतीच पदवी पदरांत पडलेला तरुण डोळ्यांपुढें यावा, अशी आपली समजूत होऊन बसली. परंतु आजच्या पुण्या-मुंबईंतील कोणत्याही मोठ्या कुटुंबांत पाहिलें तर निराळाच उमेदवार दृष्टीस पडतो. तो चाळिशींतला असतो. त्याचा कारखाना बंद पडलेला असतो, अथवा कचेरी चालू असूनही त्याचें काम यंत्राकडे गेलेलें असतें. पुष्कळदां तो पुरुष नसून स्त्री असते. मुलें मोठीं झालीं, वडील माणसांचीं दुखणींखुपणीं निभावलीं, आणि आतां लग्नाच्या वेळीं अर्धवट सोडलेल्या शिक्षणाचें काय करावयाचें, हा प्रश्न तिच्यापुढें उभा असतो.

या उमेदवाराविषयीं घरांत मोकळेपणानें बोलणें होत नाहीं. मुलगा परीक्षेंत नापास झाला तर सर्व घर त्याच्या शिकवणीची काळजी वाहतें. पण घरांतील कर्ता पुरुष घरीं बसला तर सर्वजण आवाज खालीं आणतात. माझा एक जुना विद्यार्थी एका खाजगी कारखान्यांत हिशेबनीस होता. कारखान्यास टाळें लागलें तेव्हां त्याचें वय ४६ होतें. त्यानंतर सात महिने तो रोज सकाळीं ठरल्या वेळीं डबा घेऊन घराबाहेर पडे आणि वाचनालयांत जाऊन बसे. पत्नीस ठाऊक होतें, आईस नव्हतें. शेजाऱ्यांना कळूं नये एवढ्यासाठीं हा खटाटोप. ज्या सात महिन्यांत त्याला चार ठिकाणीं विचारपूस करतां आली असती, एखादी नवी विद्या शिकतां आली असती, ते सात महिने लाजेनें खाल्ले.

शहरांत प्रौढ माणसास शिकण्याचीं व काम शोधण्याचीं साधनें नाहींत असें नाहीं. तीं आहेत, आणि त्यांतील बरींच अल्प खर्चाचीं, कांहीं तर अगदीं विनामूल्य आहेत. त्यांच्यापर्यंत पोंचण्यापूर्वीं मात्र मनुष्यास स्वतःच्या घराचा उंबरठा ओलांडावा लागतो, आणि तोच पुष्कळांस सर्वांत उंच वाटतो. प्रस्तुत लेखांत त्या साधनांची माहिती द्यावी आणि जातां जातां या उंबरठ्याविषयींही दोन शब्द लिहावेत, असा हेतु आहे.

जुनी परंपरा

प्रौढपणीं शिकणें ही कांहीं परदेशांतून आलेली नवी टूम नव्हे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनीं पुण्यांत शेतकरी व मजूर यांच्यासाठीं रात्रीची शाळा काढली ती सन १८५५ मध्यें. दिवसा ज्यांस हातांतील काम टाकतां येत नाहीं त्यांच्यासाठीं शाळेनेंच आपली वेळ बदलावी, हा विचार तेव्हां अपूर्व होता. मुंबईंत ना. म. जोशी यांनीं सन १९११ मध्यें सोशल सर्व्हिस लीग स्थापन केली आणि गिरणगांवांतील कामगारांसाठीं रात्रीच्या शाळा व वाचनालयें चालविलीं. पुण्यांत सन १९०९ मध्यें रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं सेवासदन उभें राहिलें. तेथें प्रौढ स्त्रियांना लिहिणें-वाचणें, शिवणकाम आणि रुग्णसेवा यांचें शिक्षण मिळूं लागलें. स्वतः रमाबाई लग्न होऊन सासरीं आल्यावरच शिकल्या, आणि घरांतील वडील स्त्रियांचा विरोध सोसून शिकल्या.

या परंपरेंत मला सर्वांत बोधप्रद वाटतें तें पार्वतीबाई आठवले यांचें चरित्र. तरुणपणींच वैधव्य आलेलें, पदरीं एक मुलगा, आणि शिक्षणाचा आरंभ त्यानंतरचा. महर्षि कर्वे यांच्या हिंगण्याच्या आश्रमाच्या त्या आधारस्तंभ झाल्या. इंग्रजी येत नाहीं ही उणीव त्यांच्या मनास इतकी लागली कीं, पन्नाशी जवळ आली असतां, सन १९१८ मध्यें, त्या एकट्या अमेरिकेस गेल्या. तेथें लोकांच्या घरीं घरकाम करून त्यांनीं पोट भरलें, भाषा शिकली आणि आश्रमासाठीं निधि जमविला. आज आपल्यापैकीं एखाद्या गृहस्थास पन्नासाव्या वर्षीं संगणकाच्या वर्गांत पंचविशीच्या शिक्षकासमोर बसावयाची लाज वाटत असेल, तर त्यानें या बाईंचें स्मरण करावें. खुद्द कर्व्यांनीं महिला विद्यापीठ स्थापन केलें तें सन १९१६ मध्यें, म्हणजे वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं. आणि खेड्यांतील प्राथमिक शिक्षणासाठीं नवें मंडळ काढलें तें सन १९३६ मध्यें, अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं. विद्या आणि अर्थ यांचा विचार करतांना मनुष्यानें आपल्या वयाकडे पाहूं नये, हा नीतिग्रंथांतील उपदेश आपण मुलांकडून घोकून घेतों. तो मुख्यतः मोठ्या माणसांसाठीं आहे, हें मात्र विसरतों.

शिक्षणाचीं दारें

आतां साधनांकडे वळूं. ज्याचें शालेय शिक्षणच अपुरें राहिलें आहे त्यास दोन वाटा आहेत. पहिली आपल्या राज्य परीक्षा मंडळाची. शाळेंत न जातां दहावी किंवा बारावीस बाहेरून बसावयाचें असल्यास 'सतरा नंबरचा फॉर्म' भरावा लागतो. पालक-शिक्षकांच्या बोलण्यांत हें नांव इतकें रुळलें आहे कीं, कोणत्याही माध्यमिक शाळेच्या कचेरींत तेवढें म्हटल्यानें काम भागतें. दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची. ही संस्था सन १९८९ पासून काम करीत आहे. हिच्या परीक्षांस वयाची वरची मर्यादा नाहीं. एकदां नांव नोंदविलें कीं तें पांच वर्षें टिकतें आणि त्या अवधींत परीक्षेच्या नऊ संधि मिळतात. उत्तीर्ण झालेला विषय जमेस राहतो. म्हणजे वर्षास एक-एक विषय सोडवीत गेलें तरी चालतें. पांच विषय घ्यावयाचे असतात, आणि दहावीची परीक्षा मराठी माध्यमांतूनही देतां येते. ज्या गृहिणीस एकाच वर्षांत सर्व विषय झेपणार नाहींत तिच्यासाठीं ही रचना फार सोयीची आहे.

पदवीसाठीं नाशिकचें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आणि इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ हीं दोन विद्यापीठें आहेत. पहिल्याची स्थापना सन १९८९ ची, दुसऱ्याची सन १९८५ ची. दोहोंचीं अभ्यासकेंद्रें शहरांतील महाविद्यालयांतूनच असतात. रोज वर्गास जावें लागत नाहीं. पुस्तकें हातीं घेऊन घरीं अभ्यास करावा आणि ठरल्या वेळीं परीक्षा द्यावी, अशी पद्धति आहे. तीन वर्षांचा पदवीक्रम सहा वर्षांपर्यंत पुरवून पुरा करण्याची सवलत इंदिरा गांधी विद्यापीठांत आहे. प्रवेशाचे नियम वर्षोवर्ष बदलतात. म्हणून ऐकीव माहितीवर न विसंबतां अभ्यासकेंद्रांत स्वतः जाऊन छापील माहितीपत्रक पाहावें, हा माझा आग्रहाचा सल्ला आहे.

पदवीपेक्षां हातास काम देणाऱ्या विद्येची ज्यास गरज आहे, त्यानें औद्योगिक प्रशिक्षण संस्थेचा विचार करावा. वीजतंत्री, जोडारी, शीतयंत्रांची दुरुस्ती अशा व्यवसायांच्या प्रवेशास तेथें वयाची कमाल मर्यादा नाहीं, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. ज्यांचें शालेय शिक्षण अपुरें राहिलें त्यांच्यासाठीं जनशिक्षण संस्था आहेत. यांचा उगम मुंबईंतच झाला. सन १९६७ मध्यें वरळी येथें कामगारांसाठीं पहिलें 'श्रमिक विद्यापीठ' निघालें, आणि सन २००० मध्यें या संस्थांस आजचें नांव मिळालें. शिवणकाम, पाककला, रुग्णपरिचर्या यांसारखे अल्प मुदतीचे वर्ग तेथें माफक शुल्कांत चालतात.

येथें आपल्या वर्गाच्या एका दोषाविषयीं बोलल्यावांचून पुढें जाववत नाहीं. आपल्या घरांत लेखणीचा धंदा तेवढा प्रतिष्ठित आणि हाताचा धंदा कमी दर्जाचा, ही भावना अजून पुरती गेलेली नाहीं. नळ दुरुस्त करावयास येणारा कारागीर अर्ध्या तासाचे पैसे सांगतो तेव्हां आपण चकित होतों. पण आपल्या मुलानें तें काम शिकावें असें म्हणत नाहीं. अमेरिकेंत परक्यांच्या घरीं राबून शिकणाऱ्या पार्वतीबाईंचा आपण गौरव करावा आणि घरच्या पुतण्यानें जोडारीच्या वर्गास नांव घातलें तर पाहुण्यांसमोर तें झांकावें, यांत विसंगति आहे.

कचेरीच्या कामासाठीं संगणक आतां अपरिहार्य झाला आहे. राज्य परीक्षा परिषदेची संगणक टंकलेखनाची परीक्षा मराठींत मिनिटास ३० व ४० शब्दांच्या वेगानें घेतात. शासकीय लिपिकाच्या जागेसाठीं तिचें प्रमाणपत्र उपयोगी पडतें. मात्र शासकीय नोकरीचा विचार करणाऱ्यानें आधीं वयाची अट पाहावी. आपल्या राज्यांत सर्वसाधारणपणें खुल्या वर्गास ३८ व मागासवर्गीयांस ४३ वर्षांपर्यंतच नव्यानें सेवेंत शिरतां येतें. ज्याचें वय उलटून गेलें आहे त्यानें त्या परीक्षांच्या मागें वर्षें घालवूं नयेत. आशा ही चांगली वस्तु खरी, पण ती योग्य ठिकाणीं गुंतविली पाहिजे.

नोकरी शोधणें हेंही एक काम

नोकरी शोधणें हें स्वतंत्र काम आहे आणि तें शिकावें लागतें, हें आपल्या ध्यानांत येत नाहीं. पूर्वीं ओळखीच्या चिठ्ठीवर भागत असे. आज ओळखीचा उपयोग बातमी कळण्यापुरता.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, सन १९४५ मध्यें, सैन्यांतून परत येणाऱ्या जवानांस काम मिळावें म्हणून सरकारनें सेवायोजन कार्यालयें काढलीं. फाळणीनंतर निर्वासितांस त्यांचा आधार झाला आणि पुढें तीं सर्वांस खुलीं झालीं. सन १९५९ च्या कायद्यानें २५ किंवा अधिक माणसें कामास ठेवणाऱ्या खाजगी आस्थापनांवरही रिकाम्या जागा कळविण्याचें बंधन घातलें. मात्र तेथूनच माणसें घेतलीं पाहिजेत असें त्यांत नव्हतें. त्यामुळें कार्ड काढून वर्षानुवर्षें वाट पाहणाऱ्यांच्या कहाण्या आपण ऐकल्या आहेत. आतां त्या कार्यालयांचें रूप पालटलें आहे. आपल्या राज्यांत प्रत्येक जिल्ह्यास 'कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र' आहे. राज्याच्या 'महास्वयम्' या संकेतस्थळावर आणि केंद्र सरकारनें सन २०१५ मध्यें सुरू केलेल्या 'नॅशनल करिअर सर्व्हिस'वर विनामूल्य नांव नोंदवितां येतें. जिल्हा केंद्रें रोजगार मेळावे भरवितात. तेथें एकाच दिवशीं अनेक मालकांची गांठ पडते, आणि नोकरी मिळाली नाहीं तरी आज कोणत्या कामास मागणी आहे हें तरी उमगतें.

अर्ज करण्यापूर्वीं कागदपत्रें नीट लावून ठेवावींत. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, पूर्वीच्या मालकाचें अनुभवपत्र हीं एका जागीं असावींत. गुणपत्रिका गहाळ झाली असल्यास परीक्षा मंडळाच्या विभागीय कार्यालयांतून दुय्यम प्रत मिळते. स्त्रियांच्या बाबतींत एक अडचण हटकून येते: प्रमाणपत्रें माहेरच्या नांवाचीं आणि बाकीचे कागद सासरच्या नांवाचे. यासाठीं विवाहनोंदणीचा दाखला आधींच काढून ठेवावा, आणि जरूर तर राजपत्रांत नांवाच्या बदलाची प्रसिद्धि करून घ्यावी. ऐन मुलाखतीच्या आदल्या दिवशीं या कागदांसाठीं धांवाधांव करणाऱ्या भगिनी पाहिल्या म्हणजे वाईट वाटतें.

अर्जांत काय लिहावें? "मला कांहीं येत नाहीं, मी घरींच होतें," असें पुष्कळ स्त्रिया सांगतात. वास्तविक दहा माणसांच्या घराचा महिन्याचा किराणा भरणें, दूधवाल्यापासून विमा हप्त्यापर्यंतचे हिशेब ठेवणें, आजाऱ्याचीं औषधें वेळच्या वेळीं देणें, हें व्यवस्थापनच होय. तें डौलानें नव्हे, पण नेमकेपणानें लिहावें. खाडाखोड नसलेला एक पानी अर्ज पांच पानी आत्मस्तुतीपेक्षां अधिक काम करतो. पुरुषांनीं पूर्वीच्या हुद्द्याचा बडेजाव टाळून आपणांस प्रत्यक्ष काय करतां येतें तें सांगावें.

एक सावधगिरीची सूचना. खरा मालक नोकरी देण्यासाठीं उमेदवाराकडून पैसे घेत नाहीं. 'नोंदणी शुल्क', 'गणवेशाची अनामत', 'परदेशांतील नोकरीचा करार' अशा नांवांखालीं आगाऊ पैसे मागणारा निरोप आला कीं तेथेंच थांबावें. भ्रमणध्वनीवरून फसवणूक होऊन पैसे गेलेच, तर १९३० या क्रमांकावर तत्काळ तक्रार करावी. पैसे परत मिळण्याची आशा पहिल्या कांहीं तासांतच अधिक असते, म्हणून लाजेपायीं उशीर करूं नये.

घराचें कर्तव्य

इतकें सर्व सांगूनही मुख्य गोष्ट उरते. कोणतीही संस्था प्रौढ विद्यार्थ्यास पुस्तक देईल, प्रमाणपत्र देईल. पण वेळ देणार नाहीं. वेळ घरानेंच द्यावयास हवा.

माझ्या माहितीचें पुण्यांत एक एकत्र कुटुंब आहे. दोन बिऱ्हाडें, नऊ माणसें. धाकट्या सुनेचें शिक्षण बारावीनंतर लग्नामुळें थांबलें होतें. वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षीं तिनें मुक्त विद्यापीठाचा अर्ज आणला. सासूबाई म्हणाल्या, "या वयांत शिकून आतां कोणता दिवा लावणार आहेस?" त्यांचें म्हणणें अगदींच निराधार नव्हतें, सकाळ-संध्याकाळच्या स्वयंपाकाचें काय, हा त्यांचा खरा प्रश्न होता. त्यावर थोरल्या जावेनें तोड काढली. "आठवड्यांतून तीन संध्याकाळीं मी एकटी बघेन. उरलेल्या दिवशीं तूं बघ, म्हणजे मलाही जरा बसतां येईल," असें ती म्हणाली. दिरानें दोन्ही बिऱ्हाडांच्या मुलांचा अभ्यास घेण्याचें पत्करलें. चार वर्षांत ती पदवीधर झाली आणि आज एका पतसंस्थेंत नोकरी करते. पगार मोठा नाहीं. परंतु पुढल्या वर्षीं थोरल्या जावेनेंही स्वतःसाठीं अर्ज आणला, आणि या खेपेस तीन संध्याकाळचा स्वयंपाक सासूबाईंनीं आपण होऊन अंगावर घेतला. एकत्र कुटुंबाचे दोष आपण पुष्कळ ऐकतों. त्याचा गुण हा कीं, एकाचें ओझें चौघांत वांटतां येतें; मात्र वांटावयाचें मन हवें.

लेखाच्या आरंभीं ज्याचा उल्लेख केला त्या हिशेबनिसाचेंही असेंच झालें. शेवटीं एके दिवशीं पत्नीच्या सांगण्यावरून त्यानें आईस सर्व सांगितलें. आई एवढेंच म्हणाली, "मग इतके दिवस डबा थंड कशाला खाल्लास?" दुसऱ्याच आठवड्यांत तो संगणकावरील हिशेब आणि सन २०१७ पासून लागू झालेल्या वस्तु व सेवा कराचीं विवरणपत्रें शिकूं लागला. हिशेबाचें मूळ ज्ञान होतेंच. तीन-चार महिन्यांत त्याचा हात बसला. आज तो दोन छोट्या दुकानदारांचे हिशेब लिहितो. पूर्वीच्या पगाराची बरोबरी अद्याप झालेली नाहीं. पण डब्याचें सोंग संपलें.

सर्वांनाच इतकें साधतें असें नाहीं. मुंबईंत १८ जानेवारी १९८२ रोजीं सुरू झालेल्या गिरणी संपांत सुमारें अडीच लाख कामगार उतरले आणि त्यांतील असंख्यांस पुन्हा गिरणीचें तोंड दिसलें नाहीं. पुष्कळांनीं पहारेकऱ्याचें काम धरलें, कोणी भाजी विकली, कोणी कोंकणांत परतले. आयुष्यभर एकच विद्या हातांत असलेल्या माणसाखालची जमीन सरकली म्हणजे काय होतें, त्याचें तें जिवंत उदाहरण होय. नवीन शिकण्याची संवय नोकरी चालू असतांनाच ठेवावी, हा त्यांतला धडा पांढरपेशांनाही लागू आहे.

शेवटचें कर्तव्य आपल्या नातलगांपुरतें नाहीं. आपल्या घरीं धुणें-भांडीं करणारी बाई, गाडी चालविणारा मनुष्य, इमारतीचा पहारेकरी हेही या शहराचेच रहिवासी आहेत. केंद्र सरकारच्या नवभारत साक्षरता कार्यक्रमांत, ज्यास 'उल्लास' म्हणतात, पंधरा वर्षांवरील निरक्षरांस स्वयंसेवकांनीं शिकवावें अशी योजना आहे. घरांतील निवृत्त आजोबांस किंवा महाविद्यालयांत जाणाऱ्या नातीस आठवड्यांतून तीन तास काढणें कठीण नाहीं. ज्या बाईस बसची पाटी वाचतां येऊं लागली, बँकेच्या स्लिपवर अंगठ्याऐवजीं सही करतां येऊं लागली, तिची चाल बदलते; हें मीं डोळ्यांनीं पाहिलें आहे.

म्हणून, वाचकहो, हा अंक वाचून झाल्यावर रात्रीच्या जेवणाच्या वेळीं एवढेंच विचारावें: आपल्या घरांत कोणाचें शिकावयाचें राहिलें आहे? उत्तर लगेच येणार नाहीं. कोणी ताटाकडे पाहील, कोणी हंसून विषय टाळील. जो टाळील त्याचेंच बहुधा राहिलेलें असेल. दुसऱ्या दिवशीं त्याच्याबरोबर घरांतील एकानें अभ्यासकेंद्रापर्यंत किंवा मार्गदर्शन केंद्रापर्यंत जावें. तेवढी सोबत मिळाली तर पुढची वाट तो एकटा चालेल.